इस्त्रीतला विस्तव

मैदानातली होळी आता बसली होती. मघाशी डोक्याच्या वर गेलेली आग गुडघ्याएवढी उरली होती आणि तिच्याभोवती नाचून, बोंबा मारून घसे बसवून घेतलेले सगळे आपापल्या घरी जाऊन आडवे झाले होते. मागे राहिले तिघं. विस्तव पुरता निवेपर्यंत कुणीतरी बसायचं असा गल्लीचा नियम होता आणि यंदा पाळी यांची होती. चौथे आबा. आबांची पाळी कधीच नसायची, पण रात्री झोप लागत नाही म्हणून ते दर वर्षी खुर्ची घेऊन यायचे आणि दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी काही मी येत नाही बुवा.

तिघांतली थोरली, नर्सिंग शिकणारी मुलगी, चिमट्याने पत्र्याच्या डब्यात निखारे भरत होती. आईने बजावून पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीचं पाणी होळीच्याच विस्तवावर तापवायचं, म्हणजे उन्हाळा बाधत नाही.

"घरी गिझर आहे," तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "आणि हिला विस्तव पाहिजे."

"मला नकोय. आईला पाहिजे. जा, तू सांग आईला."



"लगेच नेऊन ठेवणार आहेस?" आबांनी विचारलं.

"हो. ओट्यावर ठेवते आणि येते परत."

"आत्ता नको. पुन्हा आगीत टाक ते. उजाडल्यावर ने. सगळे झोपायच्या वेळेला घरात विस्तव नेऊ नये."

"का, भूत येतं का आबा?" भावाचा मित्र म्हणाला. तो इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मोठी जांभई दिली. "ते मग बघू. आधी मला सांग, होळी का पेटवतात?"

"शाळेत होतं की. एक राजा असतो. तो म्हणतो, मीच देव. त्याचा मुलगा ऐकत नाही. मग राजा त्याला मारायला बघतो, पण मुलगा काही मरत नाही. शेवटी राजाची बहीण, म्हणजे त्या मुलाची आत्या, त्याला मांडीवर घेऊन आगीत बसते. तिच्याकडे एक शाल असते, ती अंगावर असली की आग लागत नाही. पण वारा येतो, शाल उडून मुलाच्या अंगावर जाते. आत्या जळते, मुलगा वाचतो. संपली गोष्ट."

"शाल वाऱ्याने उडाली."

"हो."

"बघायला कोण होतं तिथे? आगीत?"

आबांनी काठीने एक लाकूड आत सरकवलं.

"माझ्या ओळखीतला एक माणूस आहे," ते म्हणाले. "मी आधी ज्या गल्लीत राहायचो तिथला. आता सांगतो त्यातलं काही मी या डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचं त्याने मला सांगितलं. खोटं बोलण्याइतकं त्राण तेव्हा त्याच्यात उरलेलं नव्हतं. ऐकायचं असेल तर तो मोबाइल खिशात टाक."

मोबाइल खिशात गेला.

तर तो माणूस इस्त्रीवाला. नाव होतं त्याला, पण ते कागदावर. गल्लीत सगळे त्याला कडक म्हणायचे. जो येईल तो कपडे टाकताना म्हणणार, "कडक करून ठेव हं," आणि हा मान हलवणार. त्यावरून नाव पडलं. स्वतः मात्र कायम चुरगळलेला. शर्ट चुरगळलेला, चेहरा चुरगळलेला. बायको म्हणायची, अख्ख्या गल्लीच्या सुरकुत्या काढता, एकदा स्वतःवरून फिरवा ती इस्त्री. यावर तो हसायचा. हसायलासुद्धा त्याला वेळ लागायचा, इतका दमलेला असायचा.

इस्त्री होती कोळशाची. पितळी, बापाच्या हातची. जळते कोळसे भरलेलं ते धूड सकाळपासून रात्रीपर्यंत उचलायचं, फिरवायचं, पुन्हा उचलायचं. रात्री जेवताना उजवा हात थरथरायचा म्हणून तो पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलायचा. दुकान बंद करताना कोळसे वाळूच्या बादलीत ओतायचे आणि रिकामी इस्त्री घरी न्यायची, कारण पितळेची वस्तू, दुकानात ठेवली तर सकाळी मिळायची खात्री नाही. घरी दुसऱ्या दिवशी पोचवायच्या कपड्यांचा गठ्ठा असायचा. त्या गठ्ठ्यावर ती इस्त्री ठेवून द्यायची. वजनाला. रात्रभर वजन बसलं की घडी मोडत नाही, हे बापाने शिकवलेलं. लग्नाच्या आधीपासून रोज रात्री तो हेच करत आला होता. घरात शिरला की हात आपोआप गठ्ठ्याकडे जायचा, डोळ्यांना विचारायचासुद्धा नाही.

घरात तो, बायको आणि मुलगी. बायको इस्पितळात आया, बहुतेक रात्रपाळीला. मुलगी चार वर्षांची. चिऊ. त्या वर्षीचा सगळा हिवाळा त्या पोरीने खोकून काढला होता. आडवी केली की खोकला उसळायचा, श्वास पुरायचा नाही, ओठ निळसर पडायचे. मांडीवर उभी धरून बसलं तर जरा डोळा लागायचा. मग काय, दिवसा इस्त्री आणि रात्री लेक. भिंतीला पाठ टेकून, पोरीला मांडीवर घेऊन हा बसून राहायचा. डॉक्टर झाले, औषधं झाली, वाफारे झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, ऊन वाढलं की कमी होईल. तो मला एकदा म्हणाला होता, आबा, मला दुसरं काही नको, एक रात्र फक्त सलग झोप पाहिजे. आणि असं म्हणाल्याची त्याला लगेच लाज वाटली. मी म्हटलं, अरे, यात लाजायचं काय. पण त्याला वाटली.

त्या वर्षी होळी शनिवारी आली. होळीचा दिवस म्हणजे इस्त्रीवाल्याचं मरण. आम्ही रंग खेळायला घरातले सगळ्यांत फाटके कपडे काढायचो. आता तुम्हाला पांढरेशुभ्र लागतात, तेही कडक इस्त्रीचे, कारण फोटो काढायचे असतात. सकाळी ज्या कपड्यांचं वाटोळं व्हायचंय त्यांच्या बाह्यांवर आदल्या रात्री रेघा पाडत कडक उभा होता. रात्री उशिरा बायकोचा फोन आला.

"निघालात का?"

"हे काय, शेवटचे दोन शर्ट. चिऊ?"

"काकूंकडेच आहे. झोपलीय म्हणाल्या." काकू म्हणजे खालच्या मजल्यावर शिवणकाम करायच्या त्या. "आणि येताना विस्तव आणा हं. विसरू नका. राखेखाली झाकून ठेवा. मी सकाळी आले की त्याच्यावर पाणी तापवून तिला आंघोळ घालते."

"अगं, गॅसवर तापवू. कोण बघायला येतंय?"

बायको म्हणाली, "सगळं करून बघितलं ना आपण? मग हेही करू."

बरं, आणतो, म्हणून त्याने फोन ठेवला.

दुकान बंद केलं. उरलेल्या कपड्यांचा गठ्ठा संध्याकाळीच घरी नेऊन टाकला होता. विस्तव न्यायला हाताशी दुसरं काही नव्हतं, आणि निखारे न्यायला इस्त्रीपेक्षा चांगलं काय असणार? झाकण आहे, मूठ आहे, सांडायची भीती नाही. बरोबरच होतं त्याचं. कोळसे वाळूत ओतले आणि रिकामी इस्त्री घेऊन तो मैदानाकडे निघाला. पावणेबारा वाजले होते. चंद्र डोक्यावर होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मैदानात कुणी नव्हतं. राखणीला ज्यांची पाळी होती ते घरी जाऊन घोरत होते. तुमच्यासारखेच असणार.

"आम्ही बसलोय की," भाऊ म्हणाला.

बसलाय खरे. तर, मैदानात कुणी नाही असं त्याला वाटलं. आग आत्ता आहे तेवढीच होती. तो खाली बसला, इस्त्रीचं झाकण उघडलं, आणि तेव्हा त्याला दिसलं की पलीकडे एक बाई बसलीय. डोक्यावरून शाल लपेटलेली. तोंड नीट दिसत नव्हतं. त्याला पहिल्यांदा एवढंच वाटलं, की ही आगीच्या फार जवळ बसलीय. इतक्या जवळ कुणी बसू शकत नाही. चैत लागायला आला होता, हवेत थंडीचा मागमूस नव्हता, आणि ही बाई शाल पांघरून आगीला गुडघे टेकवून बसलेली.

असेल कुणाची तरी म्हातारी, असं म्हणून त्याने विचारलं, "बाई, थोडे निखारे घेऊ का?"

"घे," ती म्हणाली. "सगळेच नेतात."

आवाज म्हातारीचा नव्हता. दमलेला होता.

त्याने निखारे भरले, वर राख घातली. ती बघत होती.

"घरात लहान मूल आहे?"

"मुलगी आहे." बोलून गेला आणि वाटलं, उगाच सांगितलं.

"मग मी येते."

"कुठे?"

"मांडीवर घ्यायला."

तो उठला. झाकण लावलं, मूठ धरली आणि चालायला लागला. त्याची आई सांगायची, होळीचा विस्तव घेऊन निघालं की वाटेत थांबायचं नाही आणि मागून हाक आली तरी वळायचं नाही. लहानपणी त्याला ते खुळचट वाटायचं. त्या रात्री वाटलं नाही.

मैदान संपलं. गल्ली लागली. दुकानांची शटरं खाली, दिवे बंद, नुसतं चांदणं. मागे पावलांचा आवाज नव्हता. त्याला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात मागून आवाज आला. लांबून नाही. पाठीला लागून.

"दमलास."

तो चालत राहिला.

"हात थरथरतोय तुझा. जड आहे ती."

त्याने इस्त्री डाव्या हातात घेतली.

"पोरही जड झाली असेल आता. रोज मांडीवर घेऊन बसतोस..."

ही बाई त्याने जन्मात पाहिलेली नव्हती. आणि भीती वाटत असतानाच त्याला आणखी एक वाटलं. हे त्याने मला फार दिवसांनी सांगितलं, खाली बघून. त्याला वाटलं, द्यावी. एक रात्र घेऊ दे कुणाला तरी मांडीवर. आणि हे मनात आलं म्हणून तो स्वतःलाच इतका भ्याला, की उरलेली गल्ली त्याने पळत काढली.

काकूंचं दार वाजवलं. काकूंनी झोपेतच चिऊला त्याच्या खांद्यावर दिलं. "बरीच शांत होती आज," म्हणाल्या. मग त्याच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, "आणि या कोण?"

"कुठे?"

"अगंबाई... कुणी नाही होय. मला वाटलं, कुणीतरी उभं आहे."

तो जिना चढला. एका खांद्यावर पोर, दुसऱ्या हातात विस्तव. घरात शिरला, दार लावलं, कडी घातली. दिवा लावला. एकच खोली. दाराजवळ ओटा, समोरच्या भिंतीला खिडकीखाली खाट, खाटेच्या पायथ्याशी कपड्यांचा गठ्ठा. पोरीच्या खोकल्यामुळे खिडकी बंदच असायची, त्या रात्रीही बंद होती. चिऊला त्याने खाटेवर उशांना टेकवून अर्धवट बसतं केलं. आणि वळला, इस्त्री ओट्यावर ठेवायला.

तेवढ्यात दार वाजलं.

हातातलं त्याने खाली ठेवलं आणि दाराशी गेला.

"कोण?"

"उघड."

"कोण आहात तुम्ही? काय पाहिजे?"

"पोर मला दे. मांडीवर घेते. सकाळी परत देते."

"जा इथून. मी आरडाओरडा करीन."

"कर."

पण त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. मग पुन्हा.

"अरे, तू झोपशील."

"नाही झोपणार."

"झोपशील रे..."

तो मला म्हणाला, आबा, ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. दरडावून बोलली असती तरी चाललं असतं. ती आपल्या घरातलं माणूस बोलतं तशी बोलली. माझ्याइतकीच दमलेली होती ती.

"नाही देणार," तो म्हणाला.

मग बाहेर शांत झालं.

तो दाराला पाठ लावून खाली बसला. आत यायचं तर त्याला ओलांडून यावं लागलं असतं. नजर चिऊवर. ती एकदा खोकली... मग शांत. तो बघत राहिला. डोळे मिटायचे नाहीत. पाठीमागे दार गार होतं. मग कोमट वाटायला लागलं. डोळे मिटायचे नाहीत... मिटायचे नाहीत...

...

त्याला वाटलं, उजाडलं. खोलीत एवढा उजेड होता.

मग वास आला. कापड करपल्याचा. तो वास त्याला झोपेतही ओळखू आला असता, आणि तसाच आला.

गठ्ठा पेटला होता. गठ्ठ्यावर इस्त्री. वजनाला ठेवलेली.

गठ्ठ्यावरून आग खाटेच्या पायावर, तिथून गादीवर, पडद्यावर. तो दाराशी. चिऊ पलीकडे. मधे सगळी आग.

त्याने हाक मारली. एक पाऊल पुढे टाकलं. आच तोंडावर आली. धूर. काही दिसेना.

मग दिसलं.

खाटेवर... ती बसली होती.

मांडीवर चिऊ.

कडी आतून. त्याची पाठ दाराला. ती आत होती.

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिच्याभोवती गादी जळत होती आणि ती बसलेली. तिला काहीच होत नव्हतं. मग तिने डोक्यावरची शाल काढली. सावकाश. आधी पोरीचे पाय गुंडाळले. मग पोट. मग डोकं. बाळाला गुंडाळतात तसं... घट्ट.

खिडकी बंद होती. वारा नव्हता. हे त्याने मला तीनदा सांगितलं. आबा, वारा नव्हता. तिने स्वतः काढली.

शाल काढली...

आणि ती पेटली.

ओरडली नाही.

इकडे मैदानात, डब्यात निखारे भरता भरता थांबलेली थोरली तशीच उकिडवी बसली होती, चिमटा हातात. कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून मित्राने विचारलं, "मग?"

मग आवाज झाला आणि आम्ही उठलो. काकू खालून ओरडत होत्या. मी बादली घेऊन जिना चढलो, माझ्या मागे आणखी चार जण. दारावर धक्के मारतोय तोवर आतून कडी काढल्याचा आवाज आला. कडीचा आवाज मी स्वतः ऐकला. दार उघडलं आणि कडक बाहेर आला. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. तो आगीत शिरला होता, आणि कसा शिरला, कसा परत आला ते त्याला आजही सांगता येत नाही. छातीशी एक काळं गाठोडं. मला वाटलं, जळका कपडा घेऊन आलाय वेडा, पोर कुठाय? तो गाठोडं सोडेना. काकूंनी ते त्याच्या हातांतून काढून घेतलं, उलगडलं, आणि आत चिऊ. झोपलेली. गाल झोपेने लाल झालेले. केसाला धग नाही. शांत श्वास चाललेला. सगळ्या हिवाळ्यात त्या पोरीचा एवढा शांत श्वास कुणी ऐकला नव्हता.

"आणि ती बाई?" भावाने विचारलं.

आम्ही पाणी मारलं, सगळी खोली उलथीपालथी केली. बाई नव्हती. बाईचं काहीच नव्हतं. नुसती गादीची राख आणि पत्र्यासारखी वाकलेली ती इस्त्री. मला वाटलं, धुराने याच्या डोक्यावर परिणाम झाला. तसं म्हणालोही मी त्याला. पण शाल होती ना. ती मी हातात घेतली. बाहेरची बाजू कोळसा झालेली, बोट लावलं की चुरा पडायचा. आतली बाजू मऊ, स्वच्छ, साधा डागसुद्धा नाही. कडकने ती उलटसुलट करून पाहिली. गल्लीतला एक कपडा असा नव्हता जो त्याच्या हाताखालून गेला नव्हता. कुणाची चादर कुठे विरलीय हे तो डोळे मिटून सांगायचा. ही शाल त्याने कधी पाहिलेली नव्हती. आणि सूत आहे की लोकर, तेही त्याला कळेना.

सकाळी बायको पाळी संपवून आली. जळकी खोली पाहिली, नवऱ्याचा हात पाहिला. चिऊला जवळ घेतलं आणि जिन्यातच बसली. चिऊ जागी झाली. इकडे तिकडे बघितलं आणि आईला म्हणाली, "आत्या कुठे गेली?"

कडकला बहीण नाही. चुलत नाही, मावस नाही, कुणी मानलेलीसुद्धा नाही. त्या घरात आत्या हा शब्द कधी कुणी उच्चारलाच नव्हता.

पुढे बरेच दिवस तो माझ्याकडे येऊन बसायचा. हाताला पट्टी. काम बंद. चिऊचा खोकला गेला होता, तो आता रात्रभर झोपू शकला असता, आणि आता त्याला झोप येत नव्हती. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायचा. आबा, तिने मागितली होती हो. दारात उभी राहून मागितली. मी दिली असती तर ती पोरीला घेऊन जिन्यात बसली असती. खोली जळाली असती, जळू दे. तिला आत यावं लागलं नसतं. मी कडी घातली.

मी काय सांगणार? मी म्हटलं, कुठलाही बाप घालेल. ते खरंच होतं. पण त्याने त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगू का, माझंही झालं नाही. तेव्हापासून होळीला सगळे तिच्या नावाने बोंबा मारतात ना, तेव्हा मी आपला गप्प उभा असतो. तुम्ही मारा. तुमचं वय आहे.

थोरलीने डब्यातले निखारे हळूच आगीत परत ओतले. कुणाला दाखवायला नाही. डबा बाजूला उपडा ठेवला.

आता थोडंच राहिलं. ती पितळी इस्त्री त्याने मोडीत काढली. दुकानात विजेची आणली, तारेने टेबलालाच बांधून टाकलेली. रात्री ती तिथेच राहते. घरात इस्त्री आणायची नाही, असं दोघा नवरा-बायकोने ठरवलं. शाल मात्र बायकोने हलक्या हाताने धुतली; वरचा कोळसा निघून गेला, आतलं कापड जसंच्या तसं राहिलं, ते वाळवून तिने जपून ठेवलं. म्हणाली, परक्याची वस्तू आहे, परत द्यायची.

पुढच्या होळीला सगळे घरी गेल्यावर तो मैदानात गेला. एकटाच. त्या रात्री बायको घरी होती, चिऊ तिच्या कुशीत. त्याने ती शाल आगीच्या पलीकडे ठेवली, गेल्या वर्षी ती बसली होती तिथे. म्हणाला, "आत्या, तुमची शाल." बराच वेळ उभा राहिला. कुणी आलं नाही. काही हललं नाही. मग तो परत फिरला. या वेळी मुद्दाम वळून वळून पाहत आला. शाल तिथेच होती. मागे कुणी नव्हतं.

घरी आला. दाराशी उभा राहिला. कडी घालावी की घालू नये, हे त्याला कळेना. शेवटी बायको म्हणाली, घाला, मुलगी आहे घरात. त्याने घातली. दाराला पाठ लावून बसला. रात्रभर डोळे उघडे. या वेळी खरोखर उघडे, बायकोही जागी होती, दोघं अधूनमधून बोलत होती.

उजाडलं. बायको उठली आणि तिने त्याला हाक मारली. मोठ्याने नाही.

चिऊच्या पायथ्याशी शाल होती. चौपदरी घडी घातलेली. काठाला काठ जुळवलेला.

त्याने वर हात ठेवला... आणि तसाच ठेवून राहिला. मग बायकोचा हात धरून घडीवर टेकवला.

घडी गरम होती. नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखी.